मुका झालेला प्रिंटर

संगणकाची ऑपरेटिंग सिस्टीम नवी केली आणि काल संध्याकाळपर्यंत बिनतक्रार चालणारा प्रिंटर आज सकाळीं मुका झाला, ही हकीकत आतां इतकी सार्वत्रिक झाली आहे कीं, तिच्याविषयीं कोणी आश्चर्यहि मानीत नाहीं. प्रिंटर उघडून पाहावा तर शाई आहे, कागद आहे, दांतेरी चाकें जागच्या जागीं आहेत. त्याच्या अंगावरील बटण दाबलें तर चांचणीचें पान तो स्वच्छ छापून देतो. संगणकहि निरोगी आहे. किंबहुना कालच्यापेक्षां तो अधिक चलाख झाला आहे. असें असतां दोघांचें बोलणें तेवढें बंद पडलें आहे. दुकानदार म्हणतो, "जुना झाला, नवा घ्या". आणि गिऱ्हाईक तो शब्द प्रमाण मानून एक धडधाकट यंत्र भंगारवाल्याच्या हवालीं करतें.

'जुना झाला' हें निदान बरोबर आहे काय, एवढाच प्रश्न आम्हीं या लेखांत विचारासाठीं घेतला आहे. झिजून मरणें निराळें आणि आपली भाषा समजणारा कोणी न उरल्यामुळें निकामी ठरणें निराळें. ज्या प्रिंटरांची भाषा जाहीर होती ते तगले. ज्यांची भाषा कारखानदाराच्या कपाटांत कुलूपबंद होती, त्यांचें आयुष्य कारखानदाराच्या मर्जीइतकेंच राहिलें. असा या विषयाच्या गेल्या पन्नास वर्षांच्या इतिहासाचा निर्वाळा आहे, असें आम्हांस वाटतें. तो इतिहास थोडक्यांत असा.

प्रथम दोघांच्या मधें जो असतो त्याची ओळख करून घेऊं. त्याला ड्रायव्हर म्हणतात. नांवावरून तो हांकणारा वाटतो. पण त्याचें काम दुभाष्याचें आहे. १६७४ सालीं राज्याभिषेकाच्या प्रसंगीं हेन्री ऑक्झेंडन रायगडावर आला, तेव्हां इंग्रजांच्या बाजूनें नारायण शेणवी हा दुभाष्या बरोबर होता. तो नसता तर वकील शहाणा आणि दरबार उदार असूनहि व्यवहार खुंटला असता. ड्रायव्हर हा असाच एक लहानसा प्रोग्राम होय. संगणकाच्या मनांतील पान तो प्रिंटरला कळेल अशा आज्ञांत सांगतो आणि प्रिंटरचें गाऱ्हाणें, म्हणजे कागद संपला, झांकण उघडें आहे वगैरे, संगणकास कळवितो. मात्र हा दुभाष्या राहतो संगणकाच्या घरीं आणि त्या घराच्या रीतीभातींनीं बांधलेला असतो. ऑपरेटिंग सिस्टीम बदलली म्हणजे घराच्या रीती बदलतात. आणि जुना दुभाष्या त्या शिकला नाहीं, तर त्याला उंबऱ्याबाहेर राहावें लागतें.

या यंत्रांचा इतिहास आपण १९७० पासून धरूं. त्या वर्षीं अमेरिकेंतील सेंट्रॉनिक्स कंपनीनें टिंबांनीं अक्षर उमटविणारा, म्हणजे डॉट मॅट्रिक्स जातीचा, प्रिंटर बाजारांत आणला. त्याला संगणकाशीं जोडण्याची जी तारांची पद्धत तिनें वापरली, तीच इतरांनीं उचलली. आणि 'पॅरलल पोर्ट' या नांवानें ती पुढें दोन तपांहून अधिक काळ घरोघर रूढ राहिली. १९८० च्या सुमारास जपानच्या एप्सन कंपनीचा एमएक्स-८० निघाला. १९८१ सालीं आय.बी.एम.नें आपला पहिला पर्सनल कॉम्प्यूटर विकावयास काढला, तेव्हां त्याच्या जोडीचा प्रिंटर म्हणून तिनें याच यंत्रावर आपलें नांव घालून तें दिलें. या प्रिंटरांची भाषा अगदीं साधी होती. 'एस्केप' या सांकेतिक चिन्हामागून एकदोन अक्षरें पाठविलीं कीं ठसा ठळक होई अथवा ओळींमधील अंतर बदले. हे सर्व संकेत प्रिंटरबरोबर येणाऱ्या पुस्तकांत छापलेले असत. ज्यास वाचतां येई त्यानें आपला प्रोग्राम लिहावा. वर्डस्टार, वर्डपर्फेक्ट यांसारखे लेखनाचे प्रोग्राम आपापले दुभाष्ये बरोबर बाळगीत. हा प्रकार गैरसोयीचा खरा, पण त्यांत गुपित कांहीं नव्हतें. आणि म्हणूनच एप्सनची ती आज्ञाभाषा इतर कारखानदारांनींहि उचलली व तिची परंपरा दुकानांच्या पावत्या छापणाऱ्या यंत्रांपर्यंत येऊन पोंचली.

आपल्याकडे मात्र या काळांत एक वेगळी अडचण होती, आणि ती प्रस्तुत विषयास धरून आहे. परदेशांतून येणाऱ्या बहुतेक प्रिंटरांच्या पोटांत अक्षरांचा जो सांठा असे, तो रोमन लिपीचा. 'अ' म्हणजे काय हें त्या यंत्रास ठाऊक नसे. मराठी मजकूर छापावयाचा तर अक्षरें अक्षरें म्हणून न पाठवितां चित्रें म्हणून, एकेक टिंब मोजून, पाठवावीं लागत. कानपूरच्या आय.आय.टी.त सुरू झालेलें आणि १९८८ नंतर पुण्याच्या सी-डॅक संस्थेनें वाढविलेलें 'जिस्ट' हें तंत्र भारतीय लिपी संगणकावर आणण्याच्या खटपटींतूनच निघालें. टिंबांचें चित्र कसें पाठवावें याचे संकेत जर त्या पुस्तकांत छापलेले नसते, तर या प्रिंटरांतून मराठी ओळ उमटविण्याची वाट फारच बिकट झाली असती. म्हणजे जाहीर भाषेचा पहिला लाभ यंत्र करणाऱ्यांच्या ध्यानींमनींहि नसलेल्या लोकांस झाला. ही गोष्ट पुढील विवेचनांत वाचकांनीं लक्षांत ठेवावी.

यानंतर लेसर प्रिंटरांचें युग आलें. झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो येथील संशोधनकेंद्रांत गॅरी स्टार्कवेदर यांनीं १९७१ सालीं या यंत्राची सिद्धता केली होती. परंतु तें सामान्य कचेरीच्या टेबलावर येण्यास १९८४ साल उजाडावें लागलें. त्या वर्षीं ह्युलेट-पॅकार्डनें ३,४९५ डॉलर किंमतीचा लेसरजेट काढला. त्याचें अंतरंग कॅनन कंपनीचें होतें, मिनिटास आठ पानें हा त्याचा वेग होता आणि त्याची भाषा पी.सी.एल. ही होती. पुढच्याच वर्षीं ॲपलचा लेसररायटर आला. त्याची किंमत ६,९९५ डॉलर, म्हणजे लेसरजेटच्या दुप्पट. पण त्याच्या पोटांत १२ मेगाहर्ट्झ गतीचा प्रोसेसर होता आणि ज्या मॅकिंटॉशनें त्यास हुकूम करावयाचा त्याचा प्रोसेसर ८ मेगाहर्ट्झांहूनहि मंद होता. नोकर धन्यापेक्षां शहाणा, असा हा मामला होता. त्या शहाणपणाचें कारण म्हणजे पोस्टस्क्रिप्ट ही भाषा. जॉन वॉर्नॉक व चार्ल्स गेश्की यांनीं १९८२ सालीं स्थापिलेल्या ॲडोबी कंपनीनें ती तयार केली आणि तिचें व्याकरण १९८५ सालीं पुस्तकरूपानें प्रसिद्ध केलें. व्याकरण बाजारांत आल्यामुळें १९८८ सालीं एल. पीटर डॉइच यांना 'घोस्टस्क्रिप्ट' हा स्वतंत्र प्रोग्राम लिहितां आला. पोस्टस्क्रिप्टमधील पान वाचून तें दुसऱ्या साध्या प्रिंटरच्या बोलींत उतरविणें हें त्याचें काम. आणि तें काम तो अद्यापि करीत आहे.

येथपर्यंत शहाणपण प्रिंटरच्या पोटीं होतें. १९९० च्या दशकांत तें तेथून काढून घेण्यांत आलें. विंडोजसारख्या सिस्टीमनें दुभाष्याचें काम निरनिराळ्या प्रोग्रामांकडून आपल्या हातीं घेतलें, ही मोठीच सोय झाली. एक ड्रायव्हर बसविला कीं सर्व प्रोग्राम छापूं लागले. संगणकहि आतां वेगवान झाले होते. तेव्हां कारखानदारांनीं हिशेब केला कीं, पान रचण्याची मेहनत संगणकानेंच करावी. प्रिंटरमधें प्रोसेसर आणि स्मृति कशाला? ह्युलेट-पॅकार्डच्या डेस्कजेट ७१०, ७२०, ८२० व १००० या मालिका याच वर्गांतल्या. अशा प्रिंटरांना 'विन-प्रिंटर' असें नांव पडलें, कारण विंडोजवांचून त्यांचें पान हालत नसे. त्यांच्या बोलीचें व्याकरण छापील पुस्तकांत नव्हतें. तें ड्रायव्हरच्या पोटांत होतें, आणि ड्रायव्हर मुळांत कसा लिहिला हें कारखानदारासच ठाऊक. यंत्र स्वस्त मिळालें म्हणून गिऱ्हाईक संतोषलें, आणि तो संतोष खोटाहि नव्हता. गरिबाच्या घरीं प्रिंटर आला तो या काटकसरीनेंच. परंतु खरेदीच्या दिवशीं वांचविलेले पैसे पुढें एका दिवशीं व्याजासह फेडावे लागणार होते, हें मात्र पावतीवर लिहिलेलें नव्हतें.

तो दिवस ऑपरेटिंग सिस्टीम बदलण्याचा. ३० जानेवारी २००७ रोजीं विंडोज व्हिस्टा सर्वांसाठीं विक्रीस आली. तिनें ड्रायव्हरांचे नियम बदलले. आणि जे लोक तिची ६४ बिटांची आवृत्ति घेऊं लागले त्यांना कळून आलें कीं, ३२ बिटांच्या सिस्टीमकरितां लिहिलेला ड्रायव्हर येथें चालतच नाहीं. तो नव्यानें लिहिला पाहिजे. आणि विक्री बंद झालेल्या यंत्राकरितां तो लिहिण्याची हौस कोणत्या कारखानदारास असणार? ऑगस्ट २००९ मध्यें ॲपलनें मॅक ओ.एस.ची १०.६ ही आवृत्ति काढली, तींत ॲपलटॉक हा आपलाच जुना संभाषणमार्ग सोडून दिला. ज्या लेसररायटरांचें बोलणें त्याच मार्गानें चाले, त्यांना भाषा येत असूनहि वाट उरली नाहीं. ऑक्टोबर २०२० मधील प्रसंग तर अधिक बोधप्रद आहे. ह्युलेट-पॅकार्डच्या कांहीं जुन्या मॅक ड्रायव्हरांवरील डिजिटल सही अनवधानानें रद्द झाली. ऑपरेटिंग सिस्टीम बदललेली नसतांहि अनेकांच्या संगणकांनीं त्या ड्रायव्हरास घातक ठरवून दाराबाहेर काढलें. चूक पुढें दुरुस्त झाली. परंतु घरांतील यंत्राचें चालणें दूर कोठें तरी असलेल्या एका सहीवर अवलंबून आहे, हें सत्य तेवढें उघडें पडलें.

यावरून ऑपरेटिंग सिस्टीम करणाऱ्यांनाच दोषी ठरवावें, असें वाचकांस वाटेल. आमचें तसें मत नाहीं. दुभाष्याला घराच्या आंतल्या खोलींत बसविण्यांत धोका असतो, आणि तो केवळ काल्पनिक नव्हे. २०२१ च्या जून अखेरीस 'प्रिंट-नाइटमेअर' नांवाचें एक भगदाड उघडकीस आलें. विंडोजमधील छपाईची रांग सांभाळणारा प्रोग्राम सर्वोच्च अधिकारानें चालतो. त्याच्या मार्फत ड्रायव्हर बसविण्याच्या मिषानें परक्यास तो अधिकार हस्तगत करतां येत होता. मायक्रोसॉफ्टनें जुलैंत घाईनें ठिगळ लावलें आणि ऑगस्टपासून ड्रायव्हर बसविण्यास व्यवस्थापकाचा अधिकार आवश्यक केला. ज्याची कोणी देखभाल करीत नाहीं असा दहा-पंधरा वर्षांपूर्वींचा प्रोग्राम घराच्या गाभाऱ्यांत बसवून ठेवणें हें शहाणपणाचें नाहीं, हें कोणीहि मान्य करील. प्रश्न जुना दुभाष्या काढला कां हा नाहीं. नवा दुभाष्या तयार करण्याची विद्या इतरांस कां दिली नाहीं, हा आहे.

या प्रश्नाचा जन्महि एका प्रिंटरपाशींच झालेला आहे. १९८० च्या सुमारास अमेरिकेंतील एम.आय.टी.च्या कृत्रिम बुद्धिमत्ता प्रयोगशाळेस झेरॉक्सचा एक नवा लेसर प्रिंटर मिळाला. पूर्वींच्या प्रिंटरच्या प्रोग्रामांत रिचर्ड स्टॉलमन यांनीं अशी सुधारणा केली होती कीं, कागद अडकला तर छपाईची वाट पाहणाऱ्यांच्या पडद्यावर तशी सूचना यावी. नव्या प्रिंटरचा मूळ प्रोग्राम मात्र मिळेना. कार्नेगी मेलन विद्यापीठांतील एका गृहस्थांकडे तो असल्याचें कळून ते त्यांच्याकडे गेले. पण त्यांनीं तो कोणास न देण्याचें वचन दिलेलें असल्यामुळें नकार मिळाला. १९८३ सालीं स्टॉलमन यांनीं 'ग्नू' या मुक्त प्रोग्रामांच्या प्रकल्पाची घोषणा केली, तिच्यामागील कारणांत ते स्वतः हा प्रसंग सांगत आले आहेत. त्या चळवळीचें एक फळ असें कीं, पुढें विन-प्रिंटरांचीं गुपितें हौशी प्रोग्रामरांनीं तारेंतून जाणारे संकेत तपासून उकललीं आणि लिनक्स या मुक्त सिस्टीमसाठीं त्यांचे दुभाष्ये लिहिले. कारखानदारांनीं सोडून दिलेलीं यंत्रें अशा रीतीनें परक्यांच्या श्रमांनीं जगलीं. मायकेल स्वीट यांनीं १९९७ सालीं लिहावयास घेतलेली 'कप्स' ही छपाईची व्यवस्थाहि याच मुक्त परंपरेंतील. २००२ पासून ॲपलच्या संगणकांतहि तीच आहे.

अलीकडे या कथेस निराळें वळण लागलें आहे. प्रत्येक यंत्रास निराळा दुभाष्या ठेवण्यापेक्षां सर्व यंत्रांनीं एकच बोली शिकावी, हा विचार बळावला. इंटरनेटवरून छपाई करण्याचा 'आय.पी.पी.' हा संकेत १९९९ सालीं प्रसिद्ध झाला होता. त्याच्या आधारावर २०१० सालीं ॲपलचें एअरप्रिंट आलें, आणि २०१३ सालीं कॅनन, ह्युलेट-पॅकार्ड, सॅमसंग व झेरॉक्स यांनीं मोप्रिया हा संघ स्थापिला. सप्टेंबर २०२३ मध्यें मायक्रोसॉफ्टनेंहि जाहीर केलें कीं, कारखानदारांचे निरनिराळे ड्रायव्हर विंडोजबरोबर वाटण्याची वहिवाट टप्प्याटप्प्यानें संपवावयाची. नवीन प्रिंटर घेणाऱ्यास ही गोष्ट सुखाची आहे. ज्याच्या घरीं त्यापूर्वींचें यंत्र आहे, त्याला मात्र ती नोटीस आहे.

अशा गृहस्थानें काय करावें? आमच्या मतें यंत्र टाकण्यापूर्वीं त्यानें त्याची भाषा कोणती हें पाहावें. मॉडेलचें नांव नव्या सिस्टीमच्या यादींत नसलें म्हणून निराश होऊं नये. यंत्र पी.सी.एल. अथवा पोस्टस्क्रिप्ट जाणणारें असेल, तर त्याच भाषेचा सामान्य ड्रायव्हर निवडला असतां बहुधा काम भागतें. १९९२ सालचा लेसरजेट ४ हा पी.सी.एल.चा जाणकार असल्यामुळेंच तीस वर्षांनंतरच्या सिस्टीमशींहि बोलूं शकतो. पॅरलल पोर्टाची उणीव भरून काढण्यास जोडतार मिळते. भाषा गुप्त असेल आणि मुक्त प्रोग्रामरांनीं ती उकललेली असेल, तर रास्पबेरी पाय यासारखा लहानसा संगणक मधें ठेवून त्यावर लिनक्स व कप्स बसवावी. तो संगणक जुन्या प्रिंटरशीं त्याच्या बोलींत बोलतो आणि नव्या संगणकास 'मी आय.पी.पी. जाणणारा प्रिंटर आहें' असें सांगतो. यांत दुभाष्या घराबाहेर ओसरीवर बसतो. घरास धोका नाहीं आणि यंत्राचा जीव वांचतो. सुरक्षितता व दीर्घायुष्य यांचा जो विरोध वर दिसला, त्याचा परिहार येथें आहे. मात्र भाषा गुप्त असून कोणीच उकललेली नसेल, तर हा उपाय चालत नाहीं. मग तें निरोगी यंत्र खरोखरच मेलें असें समजावें.

आम्हां मराठी माणसांस ही स्थिति नवीन वाटूं नये. पुण्याच्या पेशवे दफ्तरांत मोडी कागदांचे रुमाल आहेत. कागद शाबूत आहे, शाई शाबूत आहे. पण मोडी शाळेंतून गेली आणि घरच्या माणसांस घरचाच कागद वाचतां येईना. तरी मोडीचें एक भाग्य होतें: ती कोणाच्या मालकीची नव्हती. म्हणून तिचे वर्ग भरतात, जाणकार तयार होतात आणि कागद पुन्हां बोलूं लागतात. एखाद्या धन्यानें तिची बाराखडी कुलुपांत ठेवून तो निघून गेला असता, तर आपला दीडशे-दोनशे वर्षांचा व्यवहार कायमचा मुका झाला असता.

म्हणून आमचें मागणें अगदीं माफक आहे. कारखानदारानें आपलें यंत्र जन्मभर सांभाळावें, असें आम्ही म्हणत नाहीं. तें व्यापारास परवडणार नाहीं. ज्या दिवशीं तो सांभाळण्याचें सोडील, त्या दिवशीं त्यानें त्या यंत्राची भाषा जाहीर करावी, एवढेंच आम्ही म्हणतों. ज्या वस्तूपासून आपणांस यापुढें कांहीं मिळवावयाचें नाहीं, तिचें गुपित राखण्यांत त्याचा लाभ कोणता? आणि सरकारी कचेऱ्या, शाळा, ग्रंथालयें यांनीं खरेदीच्या वेळीं किंमत व वेग यांच्याबरोबर 'याची भाषा कोणती?' हा तिसरा प्रश्न विचारण्याची संवय लावून घ्यावी. घाऊक गिऱ्हाइकानें विचारलेल्या प्रश्नाचें उत्तर व्यापाऱ्यास द्यावेंच लागतें.